छापण्याआधीचे विज्ञान

चार्ल्स डार्विनच्या पत्रव्यवहाराचा तिसावा आणि शेवटचा खंड २०२३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. हे काम १९७४ मध्ये हाती घेतले गेले होते. सर्व खंडांत मिळून सुमारे १५,००० पत्रे आहेत आणि डार्विनला लिहिणारी किंवा त्याने ज्यांना लिहिले अशी माणसे दोन हजारांच्या घरात आहेत. ही पत्रे आज कोणालाही विनामूल्य वाचता येतात. एका माणसाच्या टपालावर संपादकांच्या पिढ्या खर्ची पडाव्यात का, असे कोणी विचारील. पडाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. विज्ञान कसे घडते हे छापील ग्रंथ सांगत नाहीत, ते पत्रांत सापडते.

मिठाच्या पाण्यातल्या बियांचेच पाहा. समुद्रातून वाहत जाऊन बी दूरच्या बेटावर रुजू शकते का, हा प्रश्न डार्विनच्या दृष्टीने कळीचा होता. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये त्याचे उत्तर दोन ओळींत मिळते: ८७ जातींच्या बिया खाऱ्या पाण्यात ठेवल्या, २८ दिवसांनंतर त्यांतल्या ६४ जातींच्या रुजल्या. हेच आकडे जमवले जात होते तेव्हाची, १८५५ ची, पत्रे वाचावीत. क्यूच्या वनस्पती-उद्यानातला जोसेफ हूकर हा डार्विनचा जिवलग मित्र. बिया तग धरतील यावर त्याचा विश्वास नव्हता. डार्विनच्या घरी बाटल्यांतले पाणी कुजून घाण वास सुटला होता, आणि वडील डॉक्टर हूकरना हरवणार का, असे मुले विचारत होती. बिया रुजल्या, डार्विन खूश झाला. आणि मग ध्यानात आले की बहुतेक बिया पाण्यात तळाशीच जातात. बुडणारी बी समुद्र ओलांडणार कशी? वैतागून त्याने तेही हूकरला कळवले. त्या अडचणीतूनच पुढे वाळलेल्या फांद्या आणि फळे तरंगत ठेवून पाहण्याचा प्रयोग झाला. ग्रंथात निकाल आला आणि हूकरची शंका नजरेआड झाली. पण ती नसती तर त्या निकालाला इतकी धार आली नसती. या दोघांमधली सुमारे १,४०० पत्रे उरली आहेत. इतकी वर्षे आपल्याच मित्राचा विरोध मागून घेणारा आणि तो लिहून ठेवणारा माणूस विज्ञानाच्या इतिहासात विरळा.

या साऱ्यामागे ब्रिटनची टपालव्यवस्था होती. अर्ध्या औंसाचे पत्र देशात कोठेही एका पेनीत, हा नियम तिथे १८४० मध्ये लागू झाला. डार्विन केंटमधल्या डाउन या खेड्यात राहत होता आणि आजारपणामुळे सहसा बाहेर पडत नव्हता. बाहेरचे जग त्याच्याकडे पाकिटांतून येई. कबुतरांची जोपासना करणारे हौशी, बागांतले माळी, वसाहतींतले अधिकारी, मिशनरी, दूर देशांतले डॉक्टर अशा सगळ्यांना तो प्रश्न विचारी, आणि आलेल्या पत्राला, मग ते कोणाचेही असो, उत्तर देण्याची त्याची रीत होती.

अशा पत्रलेखकांपैकी जॉन स्कॉट हा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात तो माळीकाम करी. विद्यापीठाची पदवी नाही, ओळखीचा आधार नाही. डार्विनचा ऑर्किडांवरचा ग्रंथ १८६२ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी या माळ्याने थेट डार्विनला पत्र घातले: ॲक्रोपेरा या ऑर्किडाबद्दल आपण लिहिले आहे ते बरोबर नाही. ते फूल केवळ नर आहे असे डार्विनने मानले होते. स्कॉटच्या हाताखालच्या रोपाला तर फळ धरले होते. डार्विनने चूक मान्य केली, आभार मानले आणि पुढे या तरुणाशी बरोबरीच्या नात्याने प्रयोगांची चर्चा चालवली. स्कॉटचे प्रिम्युला फुलांवरचे काम लिनियन सोसायटीपर्यंत पोचले. १८६४ मध्ये तो हिंदुस्थानात आला तेव्हा प्रवासखर्च डार्विनने उचलला, आणि लौकरच कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाची देखरेख त्याच्याकडे आली. आज कोणत्या नामांकित प्राध्यापकाच्या टेबलावर माळ्याचे पत्र उघडले जाईल आणि त्यातली दुरुस्ती स्वीकारली जाईल, हा प्रश्न आम्ही मनापासून विचारत आहोत.

तरीही या व्यवहारात सगळे स्वच्छ होते असे म्हणवत नाही. कलकत्त्याहून स्कॉटने डार्विनला माणसांच्या मुद्रा आणि हावभाव यांविषयी भरभरून माहिती पाठवली. भावनांच्या आविष्कारावरच्या १८७२ च्या ग्रंथात डार्विनने तिचे मोठे कौतुक केले आहे. ज्यांचे चेहरे पाहून ती माहिती मिळाली ते उद्यानातले मजूर मात्र बिननावाचे राहिले. साम्राज्याच्या टपालमार्गांनी ज्ञान ज्या दिशेने वाहिले, त्याच दिशेने श्रेयही गेले. न्यू जर्सीतल्या मेरी ट्रीट यांनी कीटक खाणाऱ्या वनस्पतींची निरीक्षणे कळवली, त्यांचे नाव डार्विनच्या १८७५ च्या ग्रंथात निदान सन्मानाने छापले गेले. कलकत्त्याच्या मजुरांच्या वाट्याला तेवढेही आले नाही, आणि ही उणीव दिसते तीही पत्रे आणि ग्रंथ शेजारी ठेवून वाचता येतात म्हणून.

पत्रे नाहीशी झाली की काय होते, याचा दाखला डार्विनच्याच दप्तरात आहे. निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेसने मलय द्वीपसमूहातल्या टर्नाटे येथून १८५८ मध्ये डार्विनला आपला लेख पाठवला. नैसर्गिक निवडीची कल्पना त्यात स्वतंत्रपणे मांडलेली होती. जूनमध्ये तो वाचून डार्विन हादरला. त्याच दिवसांत त्याचे तान्हे मूल तापाने गेले. भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल आणि हूकर यांनी १ जुलैला लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचून घेतले. वॉलेसला कोणी विचारले नव्हते. तो हजारो मैल दूर होता. डार्विनची कल्पना आधीची होती याचा एक पुरावा म्हणून त्याने सप्टेंबर १८५७ मध्ये अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्राचा मजकूर तिथे वाचला गेला. म्हणजे एक पत्र जपलेले होते म्हणून साक्षीला उभे राहिले. वॉलेसचे पत्र आणि लेखाचे हस्तलिखित मात्र आज सापडत नाही. ते नेमके कधी पोचले, डार्विनने त्यातून काही उचलले का, अशा आरोपांना त्यामुळेच जागा मिळाली आणि त्यांवर पुस्तके निघाली. आमच्या मते ते आरोप पटण्यासारखे नाहीत. पण मूळ कागद असता तर वादाला तोंडच फुटले नसते.

हा कागद कोणी मुद्दाम लपवला, असे मानण्याचे कारण नाही. डार्विन आलेली पत्रे तारेत टोचून ठेवी आणि तार भरली की जुनी जाळून टाकी, असे त्याचा मुलगा फ्रान्सिस याने लिहून ठेवले आहे. १८६२ च्या सुमारापर्यंतची बहुतेक पत्रे अशी गेली. कामाचा मजकूर असलेली तेवढी टिपणांच्या बाडांत शिल्लक राहिली. त्यामुळेच प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथने कलकत्त्याहून १८५५ मध्ये लिहिलेली लांबलचक पत्रे आपल्याला वाचता येतात. वॉलेसच्या आदल्या निबंधाकडे डार्विनचे लक्ष वेधणारे डिसेंबरातले पत्र त्यांतच आहे. काय उरावे आणि काय जळावे हे त्या दिवशीच्या कामाच्या निकडीवर ठरले.

मराठी माणसाला पत्रांची किंमत नव्याने शिकवायला नको. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे उचलली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८ पासून छापली, आणि त्या पत्रांनी आपला इतिहास बदलला. साहित्यिकांच्या पत्रांचे संग्रहही आपल्याकडे आवडीने वाचले जातात. मग शास्त्रज्ञांचीच पत्रे का वगळावीत? मुंबईत १८८३ मध्ये आठ जणांनी नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. तिच्या नियतकालिकातल्या किरकोळ नोंदी म्हणजे बरेचदा संपादकांना आलेली पत्रेच असत. ही परंपरा इथलीही आहे.

पण ती जपली जात नाही. शास्त्रज्ञ निवृत्त होतो, खोली रिकामी करावी लागते, आणि कपाटातल्या फाइली कोणाच्या, हे कोणी विचारत नाही. आता तर बहुतेक पत्रव्यवहार ई-मेलवर चालतो आणि खाते बंद झाले की वर्षानुवर्षांचा संवाद एका दिवसात पुसला जातो. म्हणून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी, कृषी संशोधन केंद्रांनी आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांनी निवृत्तीच्या कागदपत्रांतच एक विनंती घालावी: आपला वैज्ञानिक पत्रव्यवहार, ई-मेल धरून, ग्रंथालयाच्या ताब्यात द्यावा, खाजगी मजकूर हवी तितकी वर्षे बंद ठेवावा. त्यासाठी एक अभिलेखपाल नेमावा आणि त्याचा पगार अंदाजपत्रकात दाखवावा. शेतकऱ्यांनी, वनरक्षकांनी, प्रयोगशाळेतल्या मदतनिसांनी लिहिलेली पत्रेही त्या संग्रहात घ्यावीत, आणि त्यांची नावे सूचीत शास्त्रज्ञांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत लिहावीत.