प्रश्न विचारणारा मुलगा बिघडला काय?

सुटींत घरीं आलेला मुलगा पूजेस बसण्यापूर्वीं "हें कशासाठीं?" असें विचारूं लागला, कीं आमच्या सुशिक्षित घरांतून एकच हाकाटी होते : कॉलेजानें मुलगा बिघडविला! हा आरोप जितका जुना, तितकाच पोकळ आहे. प्रश्न विचारणें हेंच जर बिघडणें असेल, तर त्या बिघाडाचा उगम आमच्याच धर्मग्रंथांत सांपडेल. कठोपनिषदांतील नचिकेत कोणत्या कॉलेजांत शिकला होता? बाप म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई दान देत आहे हें पाहून, असल्या दानानें पुण्य कसलें, ही शंका त्या मुलास आली. बापानें संतापून त्यास मृत्यूच्या स्वाधीन केलें. यमानें मात्र त्याच्या जिज्ञासेचा गौरव केला. आमचे वडील ही कथा भक्तिभावानें ऐकतात आणि घरांत वाजश्रवसाचाच कित्ता गिरवितात!

"मनांत कांहीं असो, चार लोकांसाठीं करावें," असा दुसरा तोडगा निघतो. याहून घातक शिकवण नाहीं. जी आई मुलास खोटें बोलूं नको म्हणून सांगते, तिनेंच त्याला देवासमोर खोटें वागावयास लावावें काय? देव सर्वसाक्षी आहे असें ज्यास वाटतें, त्यानें तरी ही फसवणूक सुचवूं नये. संध्येचे मंत्र अर्थावांचून घोकवून घ्यावयाचे आणि अर्थ विचारतांच रागवावयाचें, म्हणजे आपलें अज्ञान वडीलकीच्या आड लपविणें होय.

संशयी मुलगा स्वैर होईल, ही भीतिही निराधार आहे. डेक्कन कॉलेजांत शिकलेले आगरकर मिल व स्पेन्सर वाचून अज्ञेयवादी झाले, पण एम. ए. होऊनही त्यांनीं मोठ्या पगाराची वाट सोडून शिक्षकाचें दारिद्र्य पत्करलें. 1888 सालीं त्यांनीं 'सुधारक' काढला. पुण्यांत त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा निघाली, तरी पत्नीच्या व्रतवैकल्यांच्या आड ते आले नाहींत. तरुणांनींही हें ध्यानांत ठेवावें. आईच्या देवाची टिंगल म्हणजे विचार नव्हे.

राज्यघटनेच्या 25 व्या कलमानें 1950 पासून प्रत्येकास सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य दिलें आहे. तें सभेंत मिरवावयाचें आणि माजघरांत नाकारावयाचें, हा कोठला न्याय? उत्तर ठाऊक असेल तर द्यावें. नसेल तर मुलाबरोबर शोधावें. इतकेंही साधत नसेल, तर निदान त्याला ढोंग तरी शिकवूं नये.