गाडीची पकड आणि कमरेचा मणका

वळणावर गाडी झुकू नये म्हणून अनेक जण कडक स्प्रिंग बसवून घेतात. झुकणे कमी होते, हे खरे; पण प्रत्येक खड्ड्याचा हिशेब मागच्या सीटवरच्या आजीच्या कमरेला चुकता करावा लागतो. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते. नेहमीच्या मोटारीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला १ ते १.५ वेळा हलते, त्यामुळे ही कंपने बरीचशी गाळली जातात. स्प्रिंग जितकी कडक, तितकी ही गाळणी कमकुवत. हाडे ठिसूळ झालेल्यांचा मणका एखाद्या जोरदार दणक्यानेही दबू शकतो.

मऊ तेवढे चांगले, असेही नाही. फार मऊ गाडी घाटात डुलते, मळमळ वाढवते आणि अचानक वळवताना ताबा सुटण्याचा धोका असतो. म्हणून आधी टायरमधील हवा तपासावी, झिजलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलावेत. पुष्कळदा तेवढ्यावर भागते. तरीही स्प्रिंग बदलायचीच असेल, तर गाडीची परीक्षा खराब रस्त्यावर आणि मागच्या सीटवर बसून घ्यावी. गाडी चालवणारा एक असतो, दणके सगळ्यांना बसतात.