कालपर्यंत कशा होत्या?

ऐंशी ओलांडलेल्या, शरीराने खचलेल्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की ताप-खोकला येईलच असे नाही. कधी फक्त जेवण सुटते, कधी पाय लटपटून पडणे होते, कधी बोलणे असंबद्ध होते. हार्ट अटॅकसुद्धा छातीत न दुखता नुसती धाप लागून येतो. अशा वेळी तपासणीचे आकडेही फसवतात. एरवी 160 असणारे सिस्टॉलिक 112 वर आले, तर ते 'नॉर्मल' नव्हे. बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी वाढत नाही. स्नायू झडलेल्या देहात क्रिएटिनिन 1.0 असले तरी किडनी ठीक आहे असे म्हणता येत नाही. म्हणून आकडा ताडून पाहायचा तो पुस्तकाशी नव्हे, त्याच रुग्णाच्या नेहमीच्या स्थितीशी. आणि ती स्थिती सून किंवा सांभाळणारी बाई सांगते. ‘कालपासून आजी कप हातात धरत नाहीत’ हे वाक्य केसपेपरवर जसेच्या तसे उतरले पाहिजे.

गर्दीच्या ओपीडीत एवढा वेळ कुठला, असे विचारले जाईल. पण अचानक आलेला गोंधळ, म्हणजे भ्रमावस्था (डिलिरियम), हेरणारी 4एटी चाचणी दोनेक मिनिटांत होते: रुग्ण कितपत जागा आहे, चार साधे प्रश्न, महिने उलटे म्हणणे आणि बदल अचानक झाला का, एवढेच. स्मृतिभ्रंश आधीपासूनच आहे, हा दुसरा आक्षेप. पण भ्रमावस्थेचा धोका अशाच रुग्णांना सर्वाधिक, आणि स्मृतिभ्रंश दोन दिवसांत बळावत नाही. ब्रिटनच्या न्यूज-2 गुणांकनात 2017 पासून नव्याने आलेल्या गोंधळाला थेट 3 गुण आहेत. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते; गप्प, झोपाळू पडून राहिलेला मात्र ‘शांत आहे’ म्हणून सुटतो, आणि तीही भ्रमावस्थाच असते.

यातून तपासण्या आणि भरती वाढतील, ही शंका अधिक गंभीर आहे. अनुभव उलटा सांगतो. वृद्ध स्त्रियांच्या लघवीत लक्षणांविना जंतू सापडणे नेहमीचेच. तो एक रिपोर्ट पाहून अँटिबायोटिक सुरू होते, आणि तुंबलेली लघवी, घट्ट मलावरोध, नवी झोपेची गोळी किंवा खुब्याचे न दिसलेले फ्रॅक्चर तसेच राहते. काय बदलले हे आधी विचारले, तर शोध नेमका होतो.

क्लिनिकल फ्रेल्टी स्केलही खाटेवरची अवस्था पाहून भरायचे नसते. आजारापूर्वीच्या दोन आठवड्यांची स्थिती धरायची असते. तेव्हा रुग्ण बरा असतानाच्या प्रत्येक भेटीत चालणे, जेवण, बोलणे आणि नेहमीचे बीपी यांची एक ओळ फाइलमध्ये लिहावी. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या अनोळखी डॉक्टरला ताडून पाहायला दुसरे काही हाताशी नसते.