सव्वीस जानेवारीची सहल

दर वर्षी २६ जानेवारीला आमच्या वस्तीत सकाळी आठला झेंडावंदन होते, मुलांना गोळ्या-बिस्किटे वाटतात आणि मग जो तो आपल्या घरी जाऊन टीव्हीवर दिल्लीचे संचलन बघतो. २०२४ साली मात्र महिला मंडळाच्या ताईंनी वेगळेच काढले. ''मुलांना मुंबई दाखवू या, पण बाबासाहेबांची मुंबई,'' त्या म्हणाल्या. आम्ही पडलो कारकून, तेव्हा वर्गणीची वही आपोआप आमच्याकडे आली. मोठ्यांना शंभर, लहानांना पन्नास. बावीस मोठी आणि नऊ मुले निघाली.

कुर्ल्याहून लोकलने दादरला उतरलो. आधी पूर्वेला हिंदू कॉलनीत 'राजगृह' पाहिले. बाबासाहेबांनी हे घर बांधले ते पुस्तकांना पुरेशी जागा असावी म्हणून. ''एवढी पुस्तके एकट्यानेच वाचली?'' असे एका मुलाने विचारले, तेव्हा त्याच्या आईने ''म्हणून तर तू आज इथे उभा आहेस'' असे उत्तर दिले.

मग पूल ओलांडून पश्चिमेला आलो. शिवाजी पार्कवरचे सरकारी संचलन आटोपून गर्दी पांगत होती. चैत्यभूमीवर, जिथे ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, तिथे त्रिशरण-पंचशील घेतले. दहावीतल्या एका मुलीने संविधानाची उद्देशिका पाठ म्हटली. चौपाटीवर डबे सोडले. भाकरी, ठेचा, बटाट्याची भाजी. सहलीत खरी चव डब्यांची अदलाबदल करण्यातच असते!

दुपारी फोर्टात सिद्धार्थ महाविद्यालयाची इमारत बाहेरून दाखवली. १९४६ साली बाबासाहेबांनी हे महाविद्यालय काढले. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तिथे सकाळचे वर्ग भरत. आम्हीही नोकरी सांभाळूनच बी. कॉम. झालो, त्यामुळे इथे आमचे व्याख्यान जरा लांबले आणि मुले चहाची भुणभुण करू लागली.

जवळच्या एका हॉटेलात शिरलो. आमच्याबरोबर वस्तीतल्या एक आजी होत्या. वय ऐंशीच्या आसपास, गाव सोडून मुलाकडे येऊन दोन-तीन वर्षेच झालेली. त्या आत येईनात. ''तुम्ही प्या, मी बसते इथे पायरीवर.'' ताईंनी हात धरून आत आणले, खुर्चीवर बसवले. चहा झाला आणि आजी कपबशी घेऊन उठल्या. नळ शोधू लागल्या. आम्हांला वाटले हात धुवायचे असतील. पण आजी पोऱ्याला विचारीत होत्या, ''बाळा, कप कुठं इसळू?''

पोरगा गोंधळला. ''आजी, राहू द्या, ते आमचं काम.'' नातीने विचारले, ''आजी, तू कप का धुतेस?'' आजी खाली बसल्या आणि सांगू लागल्या. लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या लोकांचे कप वेगळे, बाहेर वळचणीला ठेवलेले. चहा वरून ओतायचे. पिऊन झाले की आपणच विसळून पुन्हा तिथेच ठेवायचा. आमच्या टेबलावर कुणीच बोलेना.

वाचकहो, आजींचे ते बालपण १९५० नंतरचे आहे. २६ जानेवारी १९५० पासून संविधान लागू झालेले होते. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली होती. कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावे घेऊन सांगितले होते की जातीवरून तिथे कुणाला अडवता येणार नाही. तरी गावात कप वेगळाच होता. महाडचे तळेही नगरपालिकेने १९२४ साली ठरावाने खुले केले होते, पण पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर चालत जावे लागले. कागदावर मिळालेला हक्क वापरला तरच आपला होतो. आजींना त्या खुर्चीवर बसायला आयुष्य लागले.

संध्याकाळी गेट वे ऑफ इंडिया पाहून परतताना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर तिरंगी रोषणाई लागली होती. मुले हरखून गेली.

रात्री हिशेब लिहिताना न आलेल्यांची आठवण झाली. दुकानात काम करणारे दोन तरुण आणि घरकामाला जाणाऱ्या तीन भगिनी. सुट्टी घेतली तर दिवसाचा पगार कापतात म्हणून ते आले नाहीत. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात २०२४ साली दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ पगारी सुट्ट्या होत्या आणि त्यांत २६ जानेवारीचे नाव पहिले होते. त्या तरुणांना हे कुणी सांगितलेच नव्हते. आम्हीसुद्धा नाही, ही आमची चूक. घरकाम करणाऱ्या भगिनींना तर तो कायदाही लागू नाही. त्यांच्यासाठी मंडळाने एकेका घरी जाऊन बोलायचे ठरवले आहे.

वर्गणीतून एकशे चाळीस रुपये उरले. त्यातून कायद्यातल्या त्या कलमाच्या प्रती काढून वस्तीत वाटल्या. तुमच्या वस्तीतही पुढच्या २६ जानेवारीला अशी सहल काढा. निघण्यापूर्वी मात्र कोण येऊ शकत नाही आणि का, एवढे जरूर विचारा.

जयभीम!