लिपी की नक्षी?

व्हिडिओ गेमसाठी काढलेली चित्रे हा साहित्यसमीक्षेचा विषय नव्हे, हे मत आमच्या वर्तुळात इतक्या सहजपणे मांडले जाते की त्यासाठी कारण देण्याची गरजही कुणाला भासत नाही. संहिता, चिन्हव्यवस्था, आंतरसंहितात्मकता हे शब्द मात्र आमच्या प्रबंधांतून मुक्तपणे वावरत असतात. ते छापील पुस्तकापुरतेच वापरायचे होते, तर मुळात घेतले कशाला?

वर्ध्यातील एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने मला आपली काही चित्रे दाखवली. प्राचीन इजिप्तमध्ये घडणाऱ्या खेळातील एका टप्प्याची ती ‘कॉन्सेप्ट आर्ट’ होती. म्हणजे त्रिमित रचना उभी करण्यापूर्वी स्थळाचे रूप, प्रकाश आणि खेळाडूची वाट निश्चित करणारी संकल्पनाचित्रे. मंदिराचे स्तंभ, वरून तिरपा येणारा उजेड, वाळूत अर्धा बुडालेला पुतळा, सारे सफाईदार होते. भिंतीवर मात्र पक्षी, डोळे, नाग जागा भरेल तसे पसरलेले. एकाच ओळीतला एक पक्षी डावीकडे पाहणारा, दुसरा उजवीकडे. मी विचारले, ‘इथे काय लिहिले आहे?’ तो म्हणाला, ‘सर, लिहिलेले काही नाही. ते डिझाइन आहे.’

या उत्तराचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. नेपोलियनच्या मोहिमेतून निघालेल्या ‘दिस्क्रिप्सियाँ द लेजिप्त’ या ग्रंथमालेचे प्रकाशन १८०९ मध्ये सुरू झाले, आणि शांपोलियोंने चित्रलिपीची उकल जाहीर केली ती १८२२ मध्ये. म्हणजे त्यातील आरंभीच्या चित्रपटांवर ज्यांनी ही अक्षरे कोरली, त्यांना ती वाचता येत नव्हती; त्यांच्यापुढे केवळ आकार होते. एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये या ग्रंथमालेमागील सत्तासंबंध उघड केला. तो भाग आमचे विद्यार्थी परीक्षेत उत्तम लिहितात. परंतु न वाचणाऱ्या डोळ्यांचा तो इजिप्त आज संगणकाच्या पडद्यावर जसाच्या तसा नांदतो आहे, हे त्यांना कुणी दाखवत नाही. वस्तुतः या लिपीतील बहुसंख्य चिन्हे ध्वनी दर्शवतात, आणि माणसे व प्राणी सामान्यतः ओळीच्या आरंभाकडे तोंड करून असतात. त्यांच्या मुखावरूनच वाचनाची दिशा कळते.

‘इजिप्त हवाच कशाला? आपले काढा,’ असा देशीवादी उपाय यावर तत्काळ सुचवला जातो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवर रचला, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण आमच्या दाराशी धाम नदीकाठी पवनार आहे. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे प्रवरपूर ते हेच, असे प्रतिपादिले. तेथून ताम्रपट देणाऱ्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य परंपरेने आहे. विनोबांच्या आश्रमाच्या भूमीत निघालेली शिल्पे मिराशींनी रामायणातील प्रसंग म्हणून वाचली. पुढे त्यावर मतभेद झाले, ते दुसऱ्यांनीही ती वाचली म्हणूनच. आता याच विद्यार्थ्याने उद्या पवनारचा टप्पा काढला, तर वाकाटकांची पेटिकाशीर्ष ब्राह्मी, अक्षराच्या डोक्यावर चौकोनी पेटी असलेली, तो कशी काढील? नक्षीदार किनार म्हणूनच! विषय स्वदेशी झाला, दृष्टी नेपोलियनच्या कोरक्यांचीच राहिली. आणि त्याला चूक दाखवणार कोण? ज्या मराठी विभागांत ‘सेतुबंधा’चे नाव भाषेच्या इतिहासात एका ओळीत उरकले जाते आणि ताम्रपटाचा ठसा विद्यार्थ्यांपुढे कधी ठेवलाच जात नाही, त्यांनी? प्रस्तुत लेखकही त्यांतलाच एक. मिराशींचा वाकाटक लेखांचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. आम्ही तो पुरातत्त्ववाल्यांकडे सोपवून मोकळे झालो.

स्थळ हे नेपथ्य आणि अर्थ हा संवादांत, ही विभागणी कादंबरीच्या समीक्षेने केव्हाच टाकून दिली आहे. खेळाच्या बाबतीत ती पुन्हा उभी करण्याचे कारण आळसाखेरीज दुसरे दिसत नाही. त्या विद्यार्थ्याने चित्रे पुन्हा काढायला घेतली आहेत. इजिप्शियन मंदिराच्या दाराच्या दोन्ही अंगांना कोरलेले लेख बहुधा दाराकडे तोंड करतात. तेव्हा खेळाडू कुठून आत येतो हे ठरल्याशिवाय पक्ष्याची चोच कोणत्या बाजूला काढायची हे ठरत नाही. परवा तो हेच विचारायला आला होता.