विश्लेषण : गोळी तीच, पेटंट नवे, स्वस्त जेनेरिकची वाट कशी अडवली जाते?

पेटंट संपले की औषध स्वस्त होते, असे सांगितले जाते. कायद्याच्या पुस्तकात ते खरेही आहे. पण पेटंट संपण्याच्या थोडे आधीच त्या औषधाची ‘सुधारित आवृत्ती’ बाजारात येते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जुन्याच्या जागी नवे नाव दिसू लागते आणि स्वस्त जेनेरिक दुकानात पोहोचेपर्यंत त्याचा ग्राहक दुसरीकडे गेलेला असतो.

जांभळ्या गोळीची गोष्ट काय?

या खेळीचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीचे ‘प्रिलोसेक’, म्हणजे ओमेप्राझोल, हे आम्लपित्तावरचे औषध जगातील सर्वाधिक खपाच्या औषधांपैकी एक होते. २००१ मध्ये त्याचे पेटंट संपत आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘नेक्सियम’ला अमेरिकी औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली. ही गोळीही जांभळीच होती.

दोन्हींत फरक काय? ओमेप्राझोलचे रेणू दोन प्रकारचे असतात, डावा आणि उजवा हात असावा तसे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब. नेक्सियममध्ये त्यातला एकच प्रकार वेगळा काढून ठेवला आहे. पोटातील आम्लात दोन्ही प्रकारांचे रूपांतर शेवटी एकाच क्रियाशील घटकात होते. नव्या गोळीतला रेणू यकृतात थोडा सावकाश मोडतो, त्यामुळे तेवढ्याच मात्रेत रक्तातली पातळी अधिक राहते. एवढाच काय तो फायदा. म्हणजे जुने औषध थोडे वाढवून दिले, तर तो बराचसा जमून येतो.

चाचण्यांमध्ये मात्र ४० मिलिग्रॅम नेक्सियमची तुलना २० मिलिग्रॅम प्रिलोसेकशी झाली आणि नवे औषध सरस ठरले. जिथे दोन्ही २० मिलिग्रॅम दिली गेली, अशा एका चाचणीत आठ आठवड्यांनी अन्ननलिकेचे व्रण बरे होण्याचे प्रमाण ९०.६ आणि ८८.३ टक्के होते. दुप्पट मात्रेशी निम्म्या मात्रेची कुस्ती लावायची आणि निकाल जाहिरातीत छापायचा, याला विज्ञान म्हणणे कठीण आहे. पण बेकायदा त्यात काहीच नव्हते. नेक्सियमने त्यानंतर अनेक वर्षे अब्जावधी डॉलर मिळवून दिले. ओमेप्राझोलची जेनेरिक गोळी २००२ च्या अखेरीस आली, पण नेक्सियम लिहिलेल्या चिठ्ठीवर ती देता येत नव्हती.

जुने औषध बाजारातूनच काढून घेतले तर?

स्मृतिभ्रंशावरील ‘नमेंडा’बाबत तेच करण्याचा बेत होता. दिवसातून दोनदा घ्यायच्या या गोळीला जेनेरिक पर्याय जुलै २०१५ मध्ये येणार होते. त्याआधी, फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने जुनी गोळी बंद करणार असल्याचे जाहीर करून दिवसातून एकदाच घ्यायची ‘एक्सआर’ कॅप्सूल पुढे केली. अमेरिकेत केमिस्ट ब्रँडऐवजी जेनेरिक देऊ शकतो, पण मात्रा आणि औषधाचा प्रकार तोच असेल तरच. गोळीची कॅप्सूल झाली की तो हक्क संपला. न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलनी दावा लावला, डिसेंबर २०१४ मध्ये मनाईहुकूम मिळाला आणि मे २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. दिवसातून एकच मात्रा ही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या घरासाठी खरी सोय आहे, हे मान्यच. ती सोय इतकी मोलाची होती, तर जुनी गोळी शेजारी ठेवून रुग्णाला निवडू देण्यात अडचण काय होती?

भारतात ही वाट कशी बंद झाली?

२००५ मध्ये भारताला औषधांवर उत्पादन पेटंट देणे भाग पडले, तेव्हा संसदेने पेटंट कायद्यात कलम ३ (ड) घातले. माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप केवळ नवे आहे म्हणून पेटंट मिळणार नाही, परिणामकारकता वाढल्याचे दाखवावे लागेल, असा त्याचा आशय. रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’च्या बीटा स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिसने केलेला अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये याच आधारे फेटाळला. शरीरात औषध ३० टक्के अधिक शोषले जाते, हा कंपनीचा युक्तिवाद होता. आजार बरा करण्याची क्षमता त्याने वाढते हे सिद्ध झालेले नाही, असे सांगत न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१३ रोजी अपील फेटाळले. महिन्याचा खर्च ग्लिव्हेकवर सुमारे सव्वा लाख रुपये आणि जेनेरिकवर आठ-दहा हजार, एवढी तफावत तेव्हा होती. मार्च २०२३ मध्ये क्षयरोगावरील बेडाक्विलिनच्या क्षाररूपाचा पेटंट अर्जही फेटाळला गेला. त्याला विरोध करणाऱ्यांत स्वतः क्षयरोगातून वाचलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन होत्या.

मग येथे रुग्ण सुटला का?

पेटंटच्या दारातून बऱ्याच अंशी सुटला, चिठ्ठीच्या दारात अडकला. भारतात पेटंट नसलेली औषधेही ब्रँडच्या नावानेच विकली जातात. एकाच घटकाचे डझनावारी ब्रँड आणि त्यांच्या किमतींत काही पटींचे अंतर. जुन्या घटकात दुसरा एखादा मिसळून किंवा त्याचे एकच प्रतिबिंब-रूप वेगळे करून ‘नवे’ औषध येथेही लिहून दिले जाते. अमेरिकी केमिस्टला असलेला अदलाबदलीचा हक्क आपल्या केमिस्टला नाही. औषध नियमांनुसार चिठ्ठीत लिहिलेलेच औषध द्यावे लागते. डॉक्टरांनी जेनेरिक नावानेच औषध लिहावे, असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला. जेनेरिकच्या दर्जाची हमी कोण देणार, असा सवाल डॉक्टरांच्या संघटनांनी केला. तो चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर प्रयोगशाळा आणि औषध निरीक्षक वाढवून द्यायला हवे होते. त्याऐवजी त्याच महिन्यात नियमच स्थगित झाला.