निमंत्रित की सदस्य?

आपल्या पूर्वसुरींनी परप्रांतात महाविद्यालये उभी केली, याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. परंतु त्यांच्या कारभारात विद्यार्थ्याचे स्थान कोणते, असे विचारताच पदाधिकारी मंडळी मौन धरतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती अनिवार्य केली. तिचे अध्यक्ष व सदस्य अध्यापक; विद्यार्थी एकच, तोही नेमलेला 'विशेष निमंत्रित'! ज्याचे गाऱ्हाणे, तोच पाहुणा.

निवडणूक आली की गुंडगिरी व पैसा येतो, ही सबब जुनी झाली. लिंगडोह समितीने उमेदवारास ७५ टक्के उपस्थितीची अट आणि ५,००० रुपयांची खर्चमर्यादा सुचविली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच त्या शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने तर महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष व सचिवांस स्थान दिले.

सरकारी सेवेत आम्ही एक गोष्ट शिकलो : जे इतिवृत्तात नाही, ते घडलेच नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे. निवडून आलेले दोन विद्यार्थी व्यवस्थापनाच्या सभेत बसवा, कार्यसूची त्यांना आठ दिवस आधी द्या, आणि त्यांच्या प्रत्येक सूचनेचे उत्तर इतिवृत्तात नोंदवा.

संस्थेच्या कामाला तरुण येत नाहीत, अशी खंत आपण प्रत्येक वार्षिक सभेत करतो. अठराव्या वर्षी ज्याला दाराबाहेर बसविले, तो चाळिशीत संस्थेची धुरा वाहण्यास कशाला येईल?